मैकलच्या रानातील गुलबकावली

सोनटक्क्याची ओळख मराठी माणसास करून द्यावी लागत नाही. श्रावण लागला की परसात जिथे मोरीचे पाणी जिरते, विहिरीचा काठ जिथे सदा ओला असतो, तेथे त्याचे गच्च बेट माजते. आणि दिवेलागणीच्या सुमारास त्याच्या शुभ्र फुलांचा वास घरात येऊ लागतो. देवास वाहावा, वेणीत माळावा, दोन फुले शेजारणीस द्यावी, याहून अधिक काही आपण सोनटक्क्याकडून कधी अपेक्षिले नाही. परंतु नर्मदेच्या उगमापाशी, अमरकंटकच्या डोंगराळ रानात, हेच झाड दुसऱ्या नावाने नांदते. तेथे त्यास गुलबकावली म्हणतात. त्याच्या फुलांच्या अर्काने अधू झालेली दृष्टी सुधारते अशी त्या प्रदेशात श्रद्धा आहे. आणि खुद्द नर्मदामाईच्या विवाहासाठी जो पण लावण्यात आला तो ह्याच फुलाचा, असेही तेथील लोक सांगतात. महाराष्ट्राबाहेर नर्मदेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींच्या कानांवर ही दोन्ही नावे पडतात. पण ती एकाच झाडाची आहेत ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. एका रानफुलास एका अद्भुत प्रणयकथेचे नाव कसे लाभले, आणि त्या नावाने फुलाचे हित झाले की अहित, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम झाडाविषयी. हे आल्याच्या कुळातील होय. आले, हळद, वेलदोडा, कचोरा ही सारी त्याची भावंडे. जमिनीखाली आल्यासारखा गाठीगाठींचा आडवा गड्डा असतो. तेच त्याचे खरे खोड. वर माणसाएवढा जो दांडा दिसतो तो पानांच्या देठांची आवरणे एकमेकांभोवती घट्ट बसून झालेला असतो. शेंड्याला हिरव्या खवल्यांचा कणसासारखा तुरा येतो आणि त्यातून रोज थोडीथोडी फुले बाहेर पडतात. एकेका फुलाचे आयुष्य दिवसभराचे. ह्या कुळाची एक मौज अशी की फुलात जो सर्वांत मोठा, फुलपाखरासारखा पसरलेला भाग आपण पाकळी म्हणून पाहतो, ती वस्तुतः पाकळी नव्हे. दोन वांझ पुंकेसर एकत्र जुळून त्यांनी पाकळीचे रूप घेतलेले असते. पराग देणारा केसर फुलात एकच. रंग अंधारात उठून दिसणारा, वास संध्याकाळी वाढणारा, मध साठवणारी नळी लांबट व अरुंद. ही सारी योजना लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी आहे. फळ उकलले म्हणजे आत नारिंगी अस्तर आणि तांबड्या वेष्टनातील बिया दिसतात. तथापि झाडाचा विस्तार मुख्यत्वे होतो तो गड्ड्यामुळे. गाठीचा एक तुकडा ओल्या मातीत पडला की तेथे नवे बेट उभे राहते. हा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

पूर्व हिमालयापासून ईशान्य भारत, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीनपर्यंतचा ओलसर प्रदेश हे ह्या झाडाचे मुख्य घर. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते योहान गेरहार्ड कोनिग याच्याकडून. हा लिनियसचा शिष्य. १७६८ साली तो तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथल्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत पूर्वेकडेच राहिला. आल्याच्या कुळातील वनस्पतींची त्याने केलेली वर्णने स्वीडनमधील रेटझियस या पंडिताने १७८३ साली छापली. त्यांत ह्या झाडास 'हेडीकियम कोरोनॅरियम' असे म्हटले आहे. पहिला शब्द ग्रीक. त्याचा अर्थ 'गोड हिम'. दुसरा लॅटिन, त्याचा अर्थ 'माळेत वा मुकुटात गुंफण्याजोगे'. डोळ्यांस जे दिसले आणि नाकास जे जाणवले तेवढेच कोनिगने नावात घातले. आपल्या 'सोनटक्का' या शब्दातही फुलाच्या रूपाचेच कौतुक आहे. 'गुलबकावली' हे नाव मात्र ह्या जातीचे नव्हे. त्यात फुलाचे वर्णन नाही. त्यात एक कथा आहे, आणि ती ह्या डोंगरात जन्मलेली नाही.

ती कथा फारसीत लिहिली ती इज्जतुल्ला बंगाली याने, १७२२ साली. पूर्वेकडील झैन-उल्-मुलूक नावाच्या राजास पाचवा मुलगा होतो, त्याचे नाव ताज-उल्-मुलूक. ह्या मुलाचे मुख पाहताच राजाची दृष्टी जाईल असे ज्योतिषी सांगतात, आणि एके दिवशी शिकारीत दोघांची गाठ पडून तसेच घडते. परीराज्यातील बकावली नामक राजकन्येच्या उद्यानात एक फूल आहे, तेवढेच ह्या आंधळेपणावर औषध, असा हकिमांचा निर्वाळा. थोरले चौघे भाऊ निघतात ते वाटेतच एका गणिकेच्या घरी जुगारात सर्वस्व गमावून बसतात. धाकटा तिला जिंकतो, राक्षसांचे साहाय्य मिळवतो, भुयारातून परीच्या उद्यानात शिरतो आणि तेथील रत्नखचित हौदात उमललेले फूल घेऊन परततो. राजास दृष्टी येते. पुढे बकावली आपल्या चोराचा माग काढीत येते, दोघांचे प्रेम जमते, आणि मग कथेत एकाएकी आपला परिचित इंद्र अवतरतो. अमरनगरात त्याची सभा भरते. त्याच्या शापाने बकावलीचे अर्धे अंग दगडाचे होते आणि शेतकऱ्याच्या घरी पुन्हा जन्म घेऊन ती आपल्या प्रियकरास भेटते. परी आणि अप्सरा, हकीम आणि ज्योतिषी, फारसी उद्यान आणि इंद्रसभा यांची अशी सरमिसळ हिंदुस्थानाबाहेर झाली नसती.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकवण्यासाठी जी पुस्तके तयार करण्यात आली, त्यांत निहालचंद लाहोरी याने १८०३ मध्ये ही कथा 'मझहब-ए-इश्क' या नावाने उर्दू गद्यात आणली. लखनौच्या पंडित दयाशंकर कौल 'नसीम' याने १८३८ च्या सुमारास तिच्यावर 'गुलज़ार-ए-नसीम' ही मस्नवी रचली आणि उर्दू काव्यात तिला मानाचे स्थान मिळवून दिले. छापखाने वाढले तशी ती बाजारात स्वस्त पुस्तकांच्या रूपाने आली. मराठी वाचकांनीही हातिमताईच्या पंक्तीस गुलबकावलीला बसवले. नाटक कंपन्यांनी तिला रंगभूमीवर नाचवले. १९२४ साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने तिच्यावर मूकपट काढला. १९५५ मध्ये तमिळ आणि १९६२ मध्ये तेलुगू बोलपट निघाला. सांगावयाचे ते इतकेच, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 'गुलबकावली' हा शब्द अक्षरशत्रू माणसासही ठाऊक झाला होता, आणि त्याचा अर्थ सर्वत्र एकच होता : डोळे देणारे फूल.

आता गंमत अशी की कथेतील हे फूल कोणत्या झाडाचे, याचा उलगडा कथाकारांनी केलेला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. ते परीच्या बागेतले फूल; त्याचे बीज पृथ्वीवर शोधण्याचे कारण काय? परंतु श्रोत्यांचे मन असे स्वस्थ बसत नाही. अमृत ऐकले की ते कोणत्या कुंडात आहे असे ते विचारते. संजीवनी ऐकली की ती कोणत्या डोंगरावर उगवते असे विचारते. द्रोणागिरीच्या संजीवनीसाठी आजवर किती मुळ्या पुढे करण्यात आल्या आहेत! गुलबकावलीचेही तसेच झाले. पाण्याच्या सान्निध्यात वाढणारे, शुभ्र, रात्री दरवळणारे आणि सहज न सापडणारे असे फूल मध्य हिंदुस्थानातील लोकांनी शोधले, आणि मैकल पर्वतातील झऱ्यांच्या काठी त्यांना ते सापडले.

येथे एक शंका घेता येईल. झाडाचा डोळ्यांसाठी उपयोग आधीपासूनच होत असेल आणि म्हणूनच त्याला कथेचे नाव मिळाले असेल, असे का मानू नये? अमरकंटकचा परिसर गोंड आणि बैगा लोकांचा. त्यांचे झाडपाल्याचे ज्ञान जुने व सूक्ष्म आहे. ही शक्यता आम्ही धुडकावून लावीत नाही. पण एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. हेच झाड कोकणात आणि देशावर घरोघर आहे, आणि आपल्या आजीबाईच्या बटव्यातील शेकडो औषधांत सोनटक्का डोळ्यांत घालावा असे आमच्या ऐकिवात नाही. जेथे त्याचे नाव सोनटक्का, तेथे त्याचा मान सुगंधापुरता. जेथे नाव गुलबकावली, तेथे ते नेत्रांचे औषध. यावरून औषध नावामागून आले असावे, असा आमचा कौल आहे. इंद्राच्या अमरनगराचा आणि अमरकंटकाचा नामसारखेपणाही लोकांच्या मनात हा दुवा पक्का करण्यास थोडाफार उपयोगी पडला असेल.

नावाचा प्रवास येथेच थांबला असता तर तो नवलाचा असला तरी मोठा म्हणता आला नसता. पण त्याने पुढचे पाऊल टाकले ते थेट नर्मदेच्या चरित्रात. अमरकंटकला आज जी कथा सांगतात ती अशी : राजा मेकलाची कन्या नर्मदा उपवर झाली. जो गुलबकावलीचे फूल आणील त्यास कन्या द्यावयाची असा राजाने पण लावला. शोणभद्राने, म्हणजे सोन नदाने, ते फूल आणले. विवाह ठरला, पण नर्मदेने वरास पाहिले नव्हते. तिने आपली दासी जोहिला हिला राजकन्येचे वस्त्रालंकार घालून निरोप देण्यास धाडले. शोणभद्र तिलाच नर्मदा समजला आणि तीही मोहात पडली. हे कळताच मानिनी नर्मदेने पाठ फिरवली आणि ती पश्चिमेकडे निघाली ती कायमची कुमारी राहून. भूगोल ह्या कथेस साक्ष देतो. एकाच पर्वतप्रदेशातून नर्मदा पश्चिमेस वळते आणि तेराशे किलोमीटर चालून खंबायतच्या आखातास मिळते. सोन ईशान्येकडे जाऊन बिहारात गंगेस मिळते. आणि जोहिला सोनेच्याच पात्रात विलीन होते. नद्यांच्या वाटांवरून माणसांच्या स्वभावाची इतकी चोख कथा रचणाऱ्या त्या अज्ञात प्रतिभेस नमस्कारच केला पाहिजे.

ही कथा जुनी आहे यात संशय नाही. नर्मदा ही मेकलाची कन्या ही कल्पना तर अमरकोशाइतकी प्राचीन. तेथे तिच्या नावांत 'मेकलकन्यका' हे एक नाव दिलेले आहे. पण कथेतील फुलाचे वय तेवढेच आहे काय? ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्धी पावलेला आणि जबलपूर भागात दीर्घकाळ अंमलदारी केलेला विल्यम स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हीच आख्यायिका स्थानिक लोकांकडून ऐकून नोंदवली आहे. तीत सोनेचा थाटाचा वरातमेळा आहे. वराचे रूप पाहून येण्यास पाठवलेली जोहिला आहे, ती न्हाव्याची मुलगी. नवरदेवाचे तिच्यावर मन जाते आणि संतापलेली नर्मदा एका लाथेने सोनेस पूर्वेकडे व दुसऱ्या लाथेने जोहिलेस त्याच्या मागोमाग लोटून देते, हेही आहे. नाही ते फूल. पणाचा आणि गुलबकावलीचा तीत मागमूस नाही. एका नोंदीवरून सिद्धान्त करू नये हे खरे. पण फारसी कथेचे १७२२ हे साल, उर्दू पुस्तकांचा एकोणिसाव्या शतकातील फैलाव आणि स्लीमनच्या कथेतील फुलाची अनुपस्थिती ही तिन्ही एकत्र मांडली असता एकच निष्कर्ष संभवतो. नर्मदेच्या प्राचीन आख्यायिकेत ताज-उल्-मुलूकचे फूल मागाहून येऊन बसले.

यात कोणाला बाट लागल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. प्रियेसाठी दुर्गम स्थळाहून फूल आणणारा वीर आपल्या परंपरेस नवा नव्हता. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणावयास भीम गेलाच होता. सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आला होता. जुना साचा तयार होता, त्यात नवे फूल नेमके बसले. बंगालच्या एका मुसलमान लेखकाने फारसीत लिहिलेली कथा, एका पंजाबी हिंदूने तिला दिलेले उर्दू गद्य, एका काश्मिरी पंडिताने लखनवी ढंगात केलेले तिचे काव्य, आणि अखेर मैकलच्या वनवासी मुलखात नर्मदेच्या पुजाऱ्यांनी केलेला तिचा स्वीकार, हा क्रम पाहिला म्हणजे आमच्या देशाचे मन कसे घडत आले आहे याचा एक लहानसा पण बोलका पुरावा हाती लागतो.

इकडे फूल कथेत शिरत होते, तिकडे झाड समुद्र ओलांडीत होते. गड्डा टिकाऊ आणि फूल मोहक, त्यामुळे बागांच्या शौकिनांनी ते जगभर नेले. ब्राझीलमध्ये ते दलदलींत इतके फोफावले की त्याचे तेथील नावच 'दलदलीची लिली' अशा अर्थाचे पडले. गुलामांच्या अंथरुणासाठी त्याची पाने वापरीत, असे तेथे सांगतात. हवाई बेटांत त्याच्या फुलांच्या माळा पाहुण्यांच्या गळ्यांत पडू लागल्या. क्युबात तर त्याने कमाल केली. 'मारिपोसा', म्हणजे फुलपाखरू, ह्या नावाने ते तेथे घरचे झाले. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धांत स्त्रिया ह्या फुलांत गुप्त चिठ्ठ्या लपवून नेत अशी आख्यायिका निर्माण झाली. आणि १३ ऑक्टोबर १९३६ रोजी ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल ठरले. पूर्वेकडून गेलेल्या ह्या झाडास तेथेही एक कथा चिकटली, आणि त्या कथेने त्यास राष्ट्रध्वजाच्या पंक्तीस नेऊन बसवले. उलट ब्राझील आणि हवाई येथे आता ते उपद्रवी तण गणले जाते. झऱ्यांचे काठ व्यापून ते तेथील मूळच्या वनस्पतींस उठू देत नाही, आणि उपटले तरी गड्ड्याचा उरलेला तुकडा पुन्हा रुजतो; म्हणून त्याच्या निर्मूलनासाठी माणसे राबत असतात.

आणि ज्या रानात त्याची पूजा होते तेथे काय स्थिती आहे? मध्य भारतातील रानटी सोनटक्का दुर्मीळ होत चालल्याचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक लिहीत आहेत. कारणे गूढ नाहीत. त्याला बारमाही ओल आणि सावली लागते. विसाव्या शतकात अमरकंटकच्या आसपास बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. १९९६ ते १९९८ च्या काळात साल पोखरणाऱ्या किडीने मध्यप्रदेशातील लक्षावधी साल वृक्ष बाधित झाले व त्यांपैकी कितीतरी तोडावे लागले. सावली गेली की झऱ्याचा काठ सुकतो, आणि काठ सुकला की हे झाड जाते. त्यातच यात्रेकरूंची संख्या वाढली. नर्मदेच्या परिक्रमेस जाणाऱ्यांत मराठी माणसांचा भरणा किती मोठा असतो हे सर्वज्ञात आहे. अमरकंटकला दर्शन घेतल्यावर गुलबकावलीच्या अर्काची कुपी घेऊन परतण्याची चाल आहे, आणि मागणी असली म्हणजे रानातले फूल तुऱ्यासकट आणि प्रसंगी गड्ड्यासकट निघते. २००५ साली अचानकमार-अमरकंटक हे जीवावरणाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले, ही समाधानाची गोष्ट होय; पण सरकारी सीमारेषेने श्रद्धेच्या बाजारास आळा बसत नाही.

डोळ्यांविषयी तर स्पष्ट बोलले पाहिजे. परिणत झालेल्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे आणि ती आज लहानसहान शहरांतही होते. कथेतील हकिमांनी राजास परीच्या बागेकडे बोट दाखवले, कारण त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. आपल्यापाशी तो आहे. उघड्यावर गाळलेला अर्क म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांत घालून महिनोन्‌महिने वाट पाहणे यात भक्तीही नाही आणि मातृसेवाही नाही. सोनटक्क्याच्या गड्ड्यातून 'कोरोनारिन' नावाची द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी केली आहेत आणि त्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास चालू आहे. त्यातून उद्या काही हाती आले तर त्याचे स्वागतच होईल. पण तो मार्ग प्रयोगशाळेतून जातो. झऱ्याकाठचे शेवटचे बेट उपटण्यातून नव्हे.

आम्हांस वाटते की नावाने जो घोटाळा केला तो नावानेच निस्तरता येईल. अमरकंटकची गुलबकावली म्हणजेच आपला सोनटक्का, एवढे एक ज्ञान मराठी परिक्रमावासीयांत पसरले तरी पुष्कळ काम होईल. जे झाड आपल्या न्हाणीघरामागे उगवते ते नर्मदेच्या उगमाहून आणण्याची यातायात कोण करील? ज्याला ह्या फुलाचा लोभ असेल त्याने शेजाऱ्याकडून एक गड्डा मागून घ्यावा, पावसाच्या तोंडी ओलसर जागी लावावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच्या फुलांचा हार खुशाल नर्मदेच्या तसबिरीस घालावा. मेकलराजाचा पण शोणभद्राने एकदा पुरा केला आहे. आता त्या डोंगरातून फूल आणून दाखवण्याचे कोणावरही बंधन उरलेले नाही.